वादळी पावसाचा इशारा आला की कुठलं काम कधी करायचं: आदल्या दिवसापासून दुसऱ्या सकाळपर्यंत

मार्च ते मे आणि परत ऑक्टोबरमध्ये दरवेळी तेच होतं. अंदाज दोन दिवस आधी आलेला असतो, ग्रुपवर फिरलेला असतो, सगळ्यांनी वाचलेला असतो, आणि तरी ढग डोक्यावर आल्यावरच लोक ताडपत्री घेऊन पळतात, कुणी गच्चीवर कपडे काढायला जातं तर कुणी झाडाखालची गाय सोडायला. बाहेर असायला सगळ्यात धोक्याची वेळ नेमकी तीच असते. चूक तयारी न करण्यात कमी आणि क्रमात जास्त आहे. बाहेरची सगळी कामं इशारा वाचून आदल्या दिवशी संपवायची असतात आणि गडगडाट ऐकू आला की एकच काम उरतं, आत जायचं. खाली टप्प्याटप्प्याने लिहिलंय, शेत असो की शहरातला फ्लॅट, क्रम तोच.

## टप्पा १: अंदाज तुमच्या भागाचा आहे का ते आधी बघा

हवामान विभाग महाराष्ट्राचे चार उपविभाग धरतो: कोकण (गोव्यासकट), मध्य महाराष्ट्र, मराठवाडा आणि विदर्भ. इथेच पहिला घोळ होतो. नाशिक, जळगाव, धुळे, नंदुरबार हे सगळं मध्य महाराष्ट्रात येतं, सोलापूरसुद्धा मध्य महाराष्ट्रातच, मराठवाड्यात नाही. त्यामुळे बातमीत "मराठवाड्याला इशारा" ऐकून सोलापूरवाल्याने घाबरायचं आणि "मध्य महाराष्ट्र" ऐकून जळगाववाल्याने निवांत राहायचं, असं होत राहतं. विदर्भाचा अंदाज नागपूरच्या प्रादेशिक केंद्राकडून येतो, बाकीचा मुंबईहून.

उपविभाग कळला की लगेच जिल्हानिहाय इशाऱ्याचा तक्ता उघडा. त्यात पुढच्या चार-पाच दिवसांचा रंग जिल्ह्याच्या नावासमोर असतो. पुणे, सातारा, कोल्हापूर, नाशिक अशा जिल्ह्यांत घाटमाथ्याचा इशारा वेगळा दिलेला असतो, तो तुमचा आहे की नाही हे बघून घ्या. ताम्हिणीचा पाऊस आणि बारामतीचा पाऊस एकाच जिल्ह्यात असूनही एक नसतो.

तपासा: फॉरवर्ड आलेल्या फोटोवर जारी केल्याची तारीख आणि वेळ आहे का? नसेल तर तो सोडून द्या आणि हवामान विभागाच्या साइटवर किंवा मौसम ॲपवर स्वतः बघा. मागच्या वर्षीचा रेड अलर्ट यंदा परत फिरतो हे मी दर उन्हाळ्यात बघतो.

## टप्पा २: शब्द नीट वाचा, सगळ्यात जास्त चुका इथेच होतात

"तुरळक ठिकाणी मुसळधार पाऊस" ह्या ओळीचा अर्थ बहुतेक लोक "थोडासा पाऊस" असा घेतात. तुरळक हा शब्द ठिकाणांबद्दल आहे, पावसाच्या जोराबद्दल नाही. उपविभागातल्या २५ टक्क्यांपर्यंत केंद्रांवर पाऊस असेल तर तुरळक, २६ ते ५० टक्के म्हणजे काही ठिकाणी, ५१ ते ७५ म्हणजे बऱ्याच ठिकाणी आणि त्याच्या वर म्हणजे बहुतेक ठिकाणी. म्हणजे कमी गावांत पडणार आहे पण जिथे पडणार तिथे झोडपणार आहे, आणि ते गाव तुमचं असू शकतं. वळवाचा पाऊस असाच असतो, एका शिवारात तळं आणि शेजारच्या शिवारात धूळ. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिमी पडला आणि कुलाब्याला सत्तरीच्या घरात, एकाच शहरात. तो वळीव नव्हता, मान्य, पण "शेजारी नाही पडला म्हणजे इथेही नाही" हे डोक्यातून काढायला तेवढं उदाहरण पुरे.

आता पावसाचा जोर. मुसळधार म्हणजे २४ तासांत ६४.५ ते ११५.५ मिमी, अति मुसळधार ११५.६ ते २०४.४ आणि त्याच्या वर अत्यंत मुसळधार. हे २४ तास सकाळी साडेआठ ते दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठ असे मोजतात, रात्री बारा ते बारा नाही. म्हणून आज सकाळी जाहीर झालेला आकडा मुख्यतः कालच्या पावसाचा असतो.

पण गडगडाटी पावसात नुसता हा आकडा बघून फसायला होतं. ४० मिमी हा कागदावर "मध्यम" पाऊस, दिवसभर रिपरिप पडला तर कुणाला कळणारही नाही, तोच ४० मिमी पाऊण तासात पडला तर रस्त्याचा नाला होतो, त्यामुळे "मेघगर्जनेसह" हा शब्द दिसला की मिलिमीटरच्या आधी वाऱ्याचा आकडा शोधा. ताशी ३० ते ४० किमी असेल तर कुंड्या पडतात आणि पत्रे वाजतात, ५० ते ६० लिहिलं असेल तर फांद्या तुटणार, सैल पत्रे उडणार, केळीची बाग आडवी होऊ शकते.

आणि रंग. हिरवा म्हणजे इशारा नाही, पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, केशरी म्हणजे तयारीत राहा, लाल म्हणजे आता कृती करा. पिवळ्याला लोक काहीच मोजत नाहीत, हे मला मनापासून खटकतं, कारण पिवळ्या रंगाच्या दिवशी वीज कमी जोराने पडत नाही.

तपासा: एका ओळीत लिहून बघा: कुठला दिवस, माझा जिल्हा, रंग, वाऱ्याचा वेग, गारांचा उल्लेख आहे की नाही. ह्या पाच गोष्टी लिहिता आल्या तरच पुढे जा.

## टप्पा ३: तापमानाची ओळ

अंदाजात "कमाल तापमानात २ ते ३ अंशांनी घट" असं असतं, ते वाचून लोक म्हणतात चला, उकाडा गेला, धोका गेला. ती घट दिवसाच्या कमाल तापमानाची आहे, ढग, ओली जमीन आणि पाऊस ह्यांच्यामुळे येणारी, वादळ होणार नाही असं ती कुठेच सांगत नाही. उलट सकाळी कडक ऊन, जमीन कालच्या पावसाने ओली, हवेत चिकचिक, अशी जुळणी असेल तर दुपारनंतर परत ढग उभे राहायला सगळं सामान तयार असतं.

दुसरी घट वेगळी, ती मिनिटांत होते. ढगातून पडणाऱ्या पावसाचं काही पाणी वाटेतच वाफ होतं, त्याने हवा गार आणि जड होते आणि धाडकन खाली येऊन जमिनीवर पसरते. अंगावर एकदम गार वारा आला, मातीचा वास आला, धूळ उठली, म्हणजे वादळ जवळ आलेलं आहे आणि हा वारा त्याच्या पुढे धावतोय. लोक ह्याच वेळी अंगणात खुर्ची टाकून गारवा खात बसतात.

सावध: हा गार झोत ही आत जायची सूचना आहे. पाऊस अजून सुरू झाला नाही म्हणून थांबू नका.

## टप्पा ४: आदल्या दिवशीची कामं

हा टप्पा सगळ्यात मोठा आणि सगळ्यात दुर्लक्षित. इशाऱ्याच्या आदल्या दिवशी उजेडात, कोरड्यात, घाई नसताना करायचं. काम ह्या क्रमाने घ्या, कारण वरचं काम राहिलं तर खालचं वाया जातं.

१. वर चढून करायची कामं सगळ्यात आधी. पत्रे, त्यांचे हूक, पाण्याच्या टाकीचं झाकण, सोलर पॅनेलचे नट, डिश. पत्र्यावर नुसते दगड ठेवू नका, वारा पत्रा उचलतो तेव्हा दगडही खाली येतात. हूक आवळा किंवा आडवी पट्टी मारून बांधा.

२. पाण्याची वाट. गच्चीची जाळी, पन्हाळी, गॅलरीतलं भोक, सोसायटीच्या चेंबरची झाकणं, शेतातला चर. एक मिमी पाऊस म्हणजे एका चौरस मीटरवर एक लिटर पाणी, त्यामुळे हजार चौरस फुटांच्या गच्चीवर ६५ मिमी पडला तर सहा हजार लिटरच्या आसपास पाणी येतं, आणि ते सगळं एका चार इंची पाइपातून जायचं असतं ज्याच्या तोंडावर वाळलेली पानं बसलेली असतात. एकरावर तोच पाऊस अडीच लाख लिटरच्या वर जातो, म्हणून कांद्याच्या आरणीला (रचलेल्या ढिगाला) किंवा खळ्याला चर काढताना पाणी जाणार कुठे ते आधी ठरवा, नुसता चर काढून उतार उलटा असेल तर पाणी आरणीतच शिरतं.

३. काढलेला माल. काढणीला आलेलं पीक घाईने अर्धवट काढून उघड्यावर टाकण्यापेक्षा जेवढं झाकता येईल तेवढंच काढा. ताडपत्री नुसती टाकायची नाही, कडा मालाच्या बाहेर किमान दोन फूट येऊ द्या आणि कडेला मातीने दाबा किंवा दोरी खुंटीला बांधा. आमच्याकडे एकदा हळद झाकली, ताडपत्रीच्या चारही कोपऱ्यांवर विटा ठेवल्या आणि निश्चिंत झालो, वारा आला तो मधून शिरला, ताडपत्री फुग्यासारखी वर गेली, आणि चुलतभाऊ ती धरायला धावला. वीज बांधापलीकडच्या झाडावर पडली, तो वाचला, पण तेव्हापासून मी सांगतो की ताडपत्री धरायला माणूस लागत असेल तर ती बांधलेलीच नाही.

४. जनावरं. दुपारनंतर इशारा असेल तर जनावरं दुपारच्या आधी गोठ्यात आली पाहिजेत, म्हणून चारा-पाणी आदल्या दिवशीच गोठ्यात आणून ठेवा. झाडाखाली किंवा तारेच्या कुंपणाजवळ बांधू नका. झाडावर पडलेली वीज मुळांच्या आसपासच्या जमिनीतून पसरते आणि जनावराच्या पुढच्या-मागच्या पायांत अंतर जास्त असल्याने ती त्याच्या अंगातून जाते. एका झाडाखाली दहा-दहा मेंढ्या जातात त्या अशाच. करडं, कोकरं भिजली की थंडीने आखडतात, त्यांच्यासाठी कोरडी पोती काढून ठेवा.

५. वीज आणि मोबाइल. पॉवर बँक, इन्व्हर्टर, टॉर्च चार्ज करा. पाण्याची टाकी भरून ठेवा, कारण लाइट गेली की मोटर बंद. शेतातल्या मोटरचा स्टार्टर कुणी आणि किती वाजता बंद करायचा ते घरात ठरवा. आणि दामिनी ॲप आजच उघडून बघा, लोकेशन चालू आहे का. पुण्याच्या आयआयटीएम ह्या हवामान संशोधन संस्थेने केलेलं हे ॲप जवळपास पडणाऱ्या विजांची सूचना देतं, पण फोनमध्ये लोकेशन बंद असेल तर ते गप्प राहतं. सचेत ॲपवरही जिल्ह्याचे इशारे येतात.

६. गाडी आणि प्रवास. गाडी जुन्या झाडाखाली, होर्डिंगखाली, कच्च्या भिंतीशेजारी लावू नका. घाटकोपरला १३ मे २०२४ च्या वादळात होर्डिंग पेट्रोल पंपावर कोसळलं, तिथे लोक आपापल्या कामासाठी उभे होते. घाटाचा प्रवास असेल तर सकाळी उरका.

तपासा: रात्री झोपताना एकच प्रश्न विचारा, उद्या ढग आले तर मला कुठल्याही कारणाने बाहेर पळावं लागेल का? उत्तर "हो" असेल तर ते काम अजून राहिलंय.

## टप्पा ५: त्या दिवशी सकाळपासून दुपारपर्यंत

सकाळी जिल्ह्याचा रंग परत बघा, रात्रीत बदलतो. अकरा-बाराच्या पुढे लक्ष तात्काळ अंदाजावर ठेवा, तो पुढच्या तीन तासांपुरताच असतो, त्यामुळे एकला वाचलेला पाचला जुना झालेला असतो. लोक एकदा वाचतात आणि "आपलं नाव नव्हतं" म्हणून संध्याकाळपर्यंत तेच धरून बसतात.

रडार बघता येत असेल तर बघा, नागपूर, मुंबई वगैरे रडारची चित्रं साइटवर असतात. एक चित्र बघून काही कळत नाही, दहा-पंधरा मिनिटांच्या फरकाने तीन बघा, म्हणजे ढगाचा ठिपका कुठल्या दिशेने सरकतोय आणि वाढतोय की विरतोय ते दिसेल. रंगाच्या पट्टीवर पावसाचा जोर डीबीझेड ह्या एककात असतो, ४० डीबीझेडच्या वर म्हणजे जोरदार पाऊस, ५० च्या वर गेलं की गारांची शंका धरायची. वेळ बघताना सांभाळा, चित्रावर यूटीसी (जागतिक प्रमाण वेळ) लिहिलं असेल तर त्यात साडेपाच तास मिळवायचे. दुपारी साडेतीनचं चित्र १०:०० असं दिसतं आणि माणूस जुनं समजून बंद करतो.

समजा ठिपका ४० किमीवर आहे आणि ताशी ३० किमीने येतोय, तर सव्वा तास हातात आहे असं वाटतं. एवढा धरू नका. गार वारा ढगाच्या आधी पोचतो आणि त्याच वाऱ्याने उचललेल्या हवेतून पुढे नवा ढग तयार होतो, म्हणून हिशोबातला निम्माच वेळ आपला.

आणि आकाश बघा, ॲप चालत नसेल तेव्हाही ते असतंच. फुलकोबीसारखा ढग भराभर वर चढतोय, माथा ऐरणीसारखा चपटा पसरतोय, खाली काळोखी, वारा पडलाय आणि घामाच्या धारा, एवढं दिसलं की हातातलं काम आवरायला घ्या. वाऱ्याच्या दिशेवरून "हा आपल्याकडे येत नाही" असं ठरवू नका, वर वारा वेगळा असतो.

## टप्पा ६: पहिला गडगडाट

गडगडाट साधारण १५ किमीच्या पलीकडून ऐकू येत नाही आणि वीज ढगापासून १० किमी लांबही पडू शकते, डोक्यावर ऊन असताना. म्हणजे ऐकू आला की तुम्ही विजेच्या टप्प्यात आहात. वीज चमकल्यापासून आवाजापर्यंत सेकंद मोजा, तीन सेकंदाला एक किमी. पण ३० मोजून व्हायच्या आत आवाज आला तर मोजत बसू नका.

- पक्क्या घरात किंवा काचा बंद, धातूच्या छताच्या गाडीत जा. गाडी वाचवते ती पत्र्याच्या सांगाड्यामुळे, टायरमुळे नाही, म्हणून दुचाकी आणि उघडा ट्रॅक्टर उपयोगाचे नाहीत.
- झाड, उघडी शेड, बसथांबा, मंडप, मचाण हे आसरे नाहीत. पावसापासून वाचाल, विजेपासून नाही.
- विहीर, तळं, नदी, ओलं शेत ह्यातून बाहेर या. मोटरचा स्टार्टर आता बंद करायला जाऊ नका, ते काम आधीचं होतं.
- घरात नळ, आंघोळ, भांडी घासणं थांबवा. वायरचा फोन, चार्जरला लावलेला मोबाइल नको. मोबाइल वीज ओढतो ही अफवा आहे, चार्जरला नसलेला मोबाइल आत बसून खुशाल वापरा. खिडकीच्या लोखंडी गजांपासून, भिंतीला टेकण्यापासून लांब राहा.
- टीव्ही, फ्रिजचे प्लग आधीच काढलेले असावेत, कडकडाट सुरू झाल्यावर सॉकेटला हात लावू नका.

अगदी उघड्यावर सापडलात आणि जवळ काहीच नाही तर उंच झाड, खांब, तारेचं कुंपण सोडून सखल जागी, दोन्ही पाय जुळवून, डोकं खाली घालून उकिडवे बसा, झोपू नका. बरोबर माणसं असतील तर लांब लांब बसा. हा शेवटचा उपाय आहे, ह्याच्या भरवशावर शेतात थांबायचं नाही.

सावध: वीज लागलेल्या माणसाला हात लावला तर आपल्याला झटका बसतो हे खोटं आहे, त्याच्या अंगात वीज साठलेली नसते. ह्या समजुतीपायी लोक नुसते बघत उभे राहतात. श्वास नसेल तर १०८ किंवा ११२ ला फोन लावा आणि छातीच्या मधोमध मिनिटाला १०० ते १२० च्या वेगाने, पाच सेंटीमीटर खोल दाब द्यायला लागा, मदत येईपर्यंत. तुटलेली विजेची तार अंगावर असेल तर मात्र गोष्ट वेगळी, तेव्हा पुरवठा बंद झाल्याशिवाय जवळ जायचं नाही.

## टप्पा ७: जोराचा पाऊस आणि वाहतं पाणी

ओढ्यावरच्या फरशी पुलावरून "घोट्याएवढंच तर आहे" म्हणत गाडी घालणं ही जुनी चूक. वेगाने वाहणारं १५ सेंटीमीटर पाणी मोठ्या माणसाला पाडतं, ३० सेंटीमीटर पाणी छोटी गाडी ढकलतं, आणि पाण्याखाली रस्ता शिल्लक आहे की वाहून गेलाय ते वरून दिसत नाही. तुमच्याकडे पाऊस थांबला तरी वरच्या डोंगरात चालू असेल तर पाणी अर्ध्या-एक तासाने वाढतं. शहरात तुंबलेल्या पाण्यात उघडं चेंबर आणि विजेची डीपी, ह्या दोनच गोष्टी लक्षात ठेवून वाट बदला. तळमजल्यात पाणी शिरू लागलं तर ते मीटरपर्यंत पोचायच्या आत मेन स्विच पाडा, पाण्यात उभं राहून नाही.

## टप्पा ८: थांबल्यावर

शेवटचा गडगडाट ऐकल्यापासून ३० मिनिटं थांबा. मध्ये परत ऐकू आला तर घड्याळ पुन्हा पहिल्यापासून. पाऊस ओसरला, गार वाटायला लागलं, पोरं गारा वेचायला धावली, ह्याच अर्ध्या तासात मागून येणारा दुसरा ढग गाठतो.

मग बाहेर पडताना आधी वर बघा, लोंबकळणारी तार, अडकलेली फांदी, सुटलेला पत्रा. तार पडलेली दिसली तर लांबून लोकांना अडवा आणि १९१२ ला कळवा. घर पडलं, माणूस किंवा जनावर दगावलं तर तलाठ्याला लगेच सांगा, जिल्ह्याचा आपत्ती नियंत्रण कक्ष १०७७ वर असतो. पिकाच्या नुकसानीचे फोटो आवरायच्या आधी काढा, लोकेशन चालू ठेवून, पीक विमा असेल तर नुकसान कळवायची मुदत योजनेत किती आहे ते बघून लगेच कळवा, कारण तारा-खांबाच्या गडबडीत ती हमखास निसटते.

माल झाकलेला असेल तर ऊन आल्यावर ताडपत्री उघडा, आत वाफ धरून कांदा आणि हळद खराब होते. ताडपत्री वाळवा, पण गुंडाळून माळ्यावर टाकू नका. हे ढग दोन-तीन दिवस लागोपाठ दुपारी येतात, तेव्हा संध्याकाळीच उद्याचा रंग बघा आणि चौथ्या टप्प्यातली यादी पुन्हा काढा.